हिरव्या काठाची तबकडी

हलगीवाला फितूर नव्हता. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चहाचा गाडा आहे. तिथं अजून कधीमधी ती गोष्ट निघते. कोण म्हणतो, म्हाताऱ्याला आदल्या दिवशी मटणाचं ताट घातलं होतं. कोण म्हणतो, पटका दिला होता. सगळं खोटं. म्हातारा आता नाही, आणि गेलेल्या माणसाच्या कानावर संशय घेऊ नये. तसला कान पुन्हा कोल्हापुरात झाला नाही. त्या दिवशी तालमीत फितूर एकच माणूस होता. तो कोण हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझं शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी पुढं ढकलली म्हणून. ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं खुशाल बघावं. मी चांदी घासणारा माणूस. पैंजण, तांब्या-फुलपात्र, निरांजनं, देवांचे मुखवटे, पन्नास वर्षं हेच केलं. माझ्या हातातून गेलेल्या ताटात बघून बाईनं कुंकू लावावं, आरसा मागू नये. ही बढाई नाही, गिऱ्हाइकं सांगायची.

पण गोष्ट माझी नाही, माझ्या घरमालकांची आहे.

मालक वरच्या मजल्यावर राहायचे, खाली रस्त्याला लागून माझी पॉलिशची खोली. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमच्याकडं कचेरीतल्या कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणायची रीत आहे. नुसता ‘साहेब’ म्हणजे वरचा, ज्याची सही चालते तो. भाऊसाहेबांनी सगळं लिहायचं, टिपण जोडायचं, फाइल आत न्यायची, आणि साहेबानं चहा पिता पिता सही ठोकायची. तीही हिरव्या शाईनं. हिरवी शाई साहेबाची, बाकीच्यांनी निळी वापरायची.

एकदा साहेब जेवायला उठलेले आणि टेबलावर त्यांचं हिरवं पेन उघडं राहिलेलं. मालकांनी टोपण लावायला म्हणून ते उचललं आणि लावायच्या आधी टीपकागदावर एवढीशी रेघ ओढून बघितली. तेवढ्यात साहेब दारात. ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब, ते आपलं नव्हे.”

“रागावले असते तर मी विसरलो असतो,” मालक मला म्हणाले होते. “आयुष्यभर साहेब या शब्दाच्या एवढ्या जवळ राहिलो, पॉलिशवाले. पण मधे कायम तो भाऊ बसलेला.”

रिटायर झाले त्या दिवशी शाल-नारळ घरात टाकून ते तसेच बाहेर पडले आणि हिरवं पेन घेऊन आले. मग जो कागद दिसेल त्याच्यावर मंजुरी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, किराण्याची यादी केली की खाली हिरवा शेरा पडायचा, ‘मंजूर. मात्र शेंगदाणे अर्धा किलो कमी करावेत.’ वैनी यादी उलटी करून मागच्या बाजूला परत शेंगदाणे लिहायच्या. माझी खोली पावसाळ्यात गळायची. तोंडी सांगितलं तर म्हणाले, “अर्ज द्या.” अर्ज दिला, म्हणजे वैनींनी लिहिला, मी सही केली. चार दिवसांनी मालक आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, टकलावर एक थेंब पडू दिला आणि वर गेले. अर्जावर शेरा आला, ‘पाहणी केली. गळते.’ अर्ज फाइलला लागला. खोली गळतच राहिली, पण तक्रारीला जागा राहिली नाही. शेरा बरोबरच होता.

असा माणूस. त्यात सीडीचं मशीन आलं.

तेव्हा गल्लीत सगळ्यांकडं कॅसेटी. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची. सीडी पहिल्यांदा आमच्या मालकांनी आणली. ते सीडी म्हणायचे नाहीत, तबकडी म्हणायचे. लावण्या, भजनं, पेटीवादन, काय मिळेल ते. प्रत्येक तबकडीला आवक नंबर, आणि सगळ्यांची मिळून लाल नाडीची एक जाड फाइल.

एका दुपारी ते तबकडी दोन बोटांत धरून खाली आले. काखेत रद्दीतनं आणलेलं एक इंग्रजी मासिक.

“पॉलिशवाले, चांदी कशानं धुता?”

“रिठ्याच्या पाण्यानं.”

“मग हीही धुवा. ही चांदीच आहे.”

मी ती उन्हात धरली. मोराच्या पिसागत रंग उडायला लागले. “ही चांदी न्हवं भाऊसाहेब. चांदीला असला नखरा नसतोय.”

“आत पत्रा आहे हो, चांदीसारखाच. मशीन त्याच्यावर उजेड टाकून गाणं वाचतं. अंगावर बोटांचं तेल बसलं, धूळ बसली, की आवाज दबतो. यात लिहिलंय.” त्यांनी मासिक थोपटलं. “आणि काठाला हिरवा रंग दिला तर आतला उजेड बाहेर सांडत नाही. आवाज गोळा होऊन येतो.”

हिरवा म्हणताना त्यांचाच आवाज गोळा होऊन आला. मला वाटतं तो शब्द लागल्यावर त्यांनी पुढचं वाचलंच नसावं.

तेव्हापासून दर गुरुवारी धुणं. रिठे आदल्या दिवशी भिजवायचे, पाणी कोमट करायचं, फेस काढायचा. हात मधनं काठाकडं फिरवायचा, गोल फिरवायचा नाही. माझा हात सवयीनं गोल जायचा की मालक ओरडायचे, “प्रदक्षिणा देवळाला घालतात!” मग जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपायचं. मग मालक तबकडी बोटात अडकवून हिरव्या पेनानं काठ रंगवायचे, जीभ दातात धरून, पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तसं. मग गाणं लागायचं आणि माझी साक्ष व्हायची.

“आधीचा आवाज आठवा.”

“आठीवला.”

“आता हा ऐका. फरक?”

खरं सांगतो, पहिल्या वेळी मला काडीचा फरक ऐकू आला नाही. पण रिठा माझा होता. माझ्या रिठ्यानं देव उजळले, एक गाणं उजळू नये? “फरक हाय,” म्हणलं. दुसऱ्या गुरुवारी खरंच थोडा ऐकू आला. तिसऱ्या गुरुवारी तर मीच आधी सांगितलं आणि मालकांनी मागनं मान हलवली. आजही माझं म्हणणं तेच आहे. ज्याला पटत नाही त्यानं रिठे आणावेत.

फाइलीतले शेरे मला ते वाचून दाखवायचे. ‘धुण्यापूर्वी बाईंचा आवाज घशातून. धुतल्यानंतर पोटातून.’ ‘तबला पूर्वी शेजारच्या घरात वाटत असे. आता आपल्याच घरात.’ खाली ‘मंजूर’ आणि हिरवी सही. मासिकात पुढं कुठंतरी थंडीचा उपाय होता, म्हणून एक तबकडी रात्रंदिवस फ्रिजमध्ये बसली, दुधाचं पातेलं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्यामधी. वैनी म्हणाल्या, “उद्या अभंगाला फोडणीचा वास ईल.” थंडीनं जमेना म्हणून मालकांनी उष्णता धरली. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, मग तबकडी कशी बोलेल, हा त्यांचा हिशेब. कुकरच्या झाकणावर ठेवलेली ती तबकडी पापडागत वर आली. शेरा पडला, ‘क्रमांक नऊ. वाकली. सेवानिवृत्त.’

वैनी मला म्हणायच्या, “भावजी, एकदा तुमा दोघांची डोकी रिठ्यात भिजवा. मधनं काठाकडं.”

आता तालमीचं सांगतो.

आमच्या गल्लीसमोरच तालीम. रविवारी सकाळी मेहनत झाल्यावर वस्ताद आणि त्यांचे पैलवान पायरीवर बसायचे. मालक मासिक घेऊन चालले होते, मी बरोबर होतो.

“काय भाऊसाहेब,” वस्ताद म्हणाले, “आज कुणाची आंघोळ?”

“हसू नका वस्ताद. सिद्ध झालेली गोष्ट आहे. धुतल्यानं आवाज सुधारतो.”

“म्हशीला रिठ्यानं धुतली म्हणून दूध गोड येतंय व्हय?”

पैलवान हसून आडवे झाले. दुसरा माणूस गप्प निघून गेला असता. मालक म्हणाले, “येतं.”

“येतंय? मग दावा की गाणं गोड करून. नुसती फुशारकी मारू नगा.”

“दाखवतो. अट घाला.”

“हरला तर ते मशीन तालमीला. पोरं बैठका मारताना ऐकतील.”

“मान्य. आणि जिंकलो तर…” इथं मालक थांबले. हात आपोआप खिशातल्या हिरव्या पेनावर गेला. “जिंकलो तर आजपासून तालमीनं मला साहेब म्हणायचं. नुसतं साहेब. भाऊ लावायचा नाही.”

वस्तादांना ती चेष्टाच वाटली. “एवढंच व्हय? त्याला कशाला जिंकायला पायजे, आत्ताच म्हणतो की, सा…”

“नको!” मालक एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरची सायकल थांबली. “फुकट नको. सिद्ध झाल्याशिवाय एकानं म्हणायचं नाही.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मशीन गेलं असतं तर त्यांना सोसलं असतं. हे दुसरं सोसलं नसतं.

पारख कुणी करायची? दोन्ही बाजूंनी एकच नाव आलं, हलगीवाला आप्पा. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणारा म्हातारा. कागदाच्या जाळावर हलगी धरायचा, नखानं टिचकी मारायचा आणि सांगायचा, अजून दोन कागद जाळा. तो म्हणाला, “पैसा नको, ताट नको. कानाचं काम हाय, कानानंच करतो.” हे मी स्वतः ऐकलं आहे, म्हणून वर लिहिलं की तो फितूर नव्हता.

एकाच बाईच्या लावण्यांच्या दोन सारख्या तबकड्या. एक धुतलेली, काठ हिरवा, आवक नंबर सदतीस. दुसरी न धुतलेली. पण मालकांचं म्हणणं, न धुतलेली म्हणजे रीतसर मळलेली पाहिजे. म्हणून ती दोन दिवस वैनींनी कांदाभज्याच्या ताटलीवर झाकण म्हणून ठेवली. पडद्यामागं मशीनपाशी बसायचं मी. पाच वेळा तबकडी लावायची, कुठली ते माझ्या मनावर. आप्पानं ऐकून सांगायचं, धुतलेली का मळकी. मग मी आतनं सांगायचं, बरोबर का चूक. माझ्या नावाला वस्तादांनीच होकार दिला. “पॉलिशवाला चालंल,” म्हणाले. “खोटं बोलायला डोकं लागतंय, ते त्याच्याकडं न्हाय.” मी ऐकून घेतलं. तालमीच्या वस्तादाला उलट बोलू नये.

त्या रविवारी सकाळी मालकांनी सदतीस नंबर माझ्या हातात दिली. “शेवटचा हात फिरवा. आज चूक नको,” म्हणाले आणि आंघोळीला वर गेले.

मी बघितली. खालची बाजू लख्ख, तिथं करायला काही उरलं नव्हतं. वरच्या बाजूला मात्र छाप. बाईचा फोटो, तांबडी-पिवळी अक्षरं, दाट रंग. मी विचार केला, खरा पत्रा आत आणि त्याच्या डोक्यावर हा रंगाचा थर. आमच्या धंद्यात चांदीवर थर दिसला की आधी तो काढतात, मग पुढचं. एवढे गुरुवार आम्ही खालनं धुतोय आणि खरा मळ वर बसलाय! मासिकवाल्याला हे सुचलं नाही, कारण त्यानं कधी चांदी घासलेली नाही. मी मोटर चालू केली, कापडाच्या चाकाला तांबडी पावडर लावली आणि तबकडी उलटी धरली.

बाईचं नाक गेलं. मग अंबाडा गेला. आणि खालनं असली चांदी निघाली म्हणता, देवाच्या मुखवट्यावर निघत नाही तसली. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण आपला हात. म्हणलं, आणखी एक फेर. डोळ्याची पापणी लवायच्या आत चांदी सगळी चाकाला लागली आणि तबकडीतनं मला पलीकडचा माझाच अंगठा दिसला.

तोवर माझ्या हातनं कधी कुणाची चांदी गेली नव्हती. मी मोटर बंद केली. कवडीभर चांदी नव्हती ती, नुसती झिलई. पण गेली ती गेली. हातात राहिली काचेसारखी चकती आणि तिला हिरवा काठ.

सांगणार होतो. जिन्याच्या दोन पायऱ्या चढलोही होतो. तेवढ्यात मालक खाली आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत लाल नाडीची फाइल, हातात टॉवेलात गुंडाळलेलं मशीन, बाळंतिणीचं पोर धरावं तसं. “चला पॉलिशवाले,” म्हणाले. “तीस वर्षांचं काम आज एका सकाळी होणार.”

त्यांच्या मागं वैनी उभ्या होत्या. त्यांनीही त्या दिवशी टोमणा मारला नाही. मग मी काय बोलणार. तबकडी पाकिटात सरकवली आणि निघालो.

तालमीत दोन खांबांना दोरी बांधून सोलापुरी चादर सोडलेली. पलीकडं तांबड्या मातीच्या कडेनं पैलवान बसलेले, मधे आप्पा. त्यानं तळहात एकमेकांवर चोळून कानांवर दाबले. “कान तापवून घेतो,” म्हणाला. कुणी हसलं नाही.

मी आत बसलो आणि आधी सदतीस नंबरच घालून बघितली, देवाचं नाव घेऊन. मशीन किर्र किर्र झालं, थांबलं, परत किर्र झालं, आणि त्याच्या तोंडावर इंग्रजी अक्षरं आली. मला इंग्रजी येत नाही. पण नाही म्हणायची रीत सगळ्या भाषांत सारखीच असते. मी ती काढली आणि भज्याची घातली.

बाईचा आवाज उठला. आप्पा थोडं ऐकून म्हणाला, “ही मळकी. तेलकट आवाज हाय. कांदा खाल्ल्यागत.”

“बरोबर,” मी म्हणलं. हे खरं होतं.

दुसऱ्या वेळी घालायला माझ्याकडं दुसरी होती कुठं? खटपट केल्याचा आवाज केला, तीच काढली, तीच घातली.

आप्पाची मान हलायला लागली. “ही धुतलेली! चाळातला एकेक घुंगरू सुटा ऐकू येतोय.”

चादरीला एक भोक होतं. त्यातनं बघितलं. वस्ताद पुढं झुकलेले. मालक डोळे मिटून बसलेले, हात खिशातल्या पेनावर, आणि ओठ हलत होते. चूक म्हणलं तर ते पेन आज संपलं. बरोबर म्हणलं तर माझी अब्रू वाचते. माझी अब्रू का त्यांचा मान, कशासाठी बोललो ते मला तेव्हाही वेगळं काढता आलं नाही आणि आजही येत नाही.

“बरोबर,” म्हणलं.

तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाला मळकी. बरोबर. त्यात पाप नव्हतं.

चौथ्या वेळी तो अडला. “जरा काढून परत लावा,” म्हणाला. मी काढून परत लावली. तो एकदम ताठ झाला. “आत्ता! आत्ता लै फरक पडला. हिला कुणीतरी मनापासनं धुतलीय.”

माझी छाती भरून आली. “बरोबर!” मी एवढ्या जोरात ओरडलो की चादर हलली. मळलेल्या तबकडीवर माझ्या धुण्याचं कौतुक झालं होतं आणि मला ते पटलं होतं. माणसाच्या कानाचं मी काय सांगू.

पाचवी. “धुतलेली,” आप्पा म्हणाला. “पण मघापेक्षा जरा कमी.”

“बरोबर.”

पाचच्या पाच. कुणी टाळी वाजवली नाही, सगळे वस्तादांकडं बघत राहिले. वस्ताद उठले. “चादर काढून एकदा बघू द्या.” मी चकती मांडीखाली सरकवली. पण मालक आडवे उभे राहिले, वस्तादांच्या छातीएवढ्या उंचीचा माणूस, आणि म्हणाले, “साक्षीदारावर संशय घेणं नियमात बसत नाही.”

वस्तादांनी क्षणभर विचार केला. मग दोन पावलं मागं सरून कमरेत वाकले. “नमस्कार साहेब.”

त्यांच्यामागं पैलवान. एकेक जण पुढं यायचा, मातीनं तांबडा झालेला, दाराएवढा, आणि खाली वाकून म्हणायचा, नमस्कार साहेब. वीस वेळा. मालकांना पहिल्यांदा काय करावं कळेना. मग कुठनंतरी त्यांना आठवलं, आणि ते हात हलवून म्हणायला लागले, “बसा. बसा. काय काम होतं?”

घरी आल्यावर त्यांनी वैनींना चहा सांगितला. वैनी म्हणाल्या, “साहेब तालमीत. हितं पिशवी घ्या आणि दूध आणा.” ते गेले पिशवी घेऊन. पण रस्त्यानं ज्या चालीनं गेले ती मी विसरणार नाही.

पाकीट मी गुपचूप त्यांच्या कपाटात सरकवलं होतं. महिनाभर मला झोप नीट नाही. पण त्यांनी सदतीस नंबर पुन्हा काढलीच नाही. “जिंकलेली तबकडी आहे,” म्हणाले. “आता ती जपायची, वाजवायची नाही.” मी सुटलो. भोळा माणूस, म्हणलं. गुरुवारचं धुणं पुढं चालू राहिलं, बरीच वर्षं. एकच बदल झाला. तबकडी माझ्या हातात देताना त्यांचा पंजा छापाच्या बाजूवर पसरलेला असायचा, आणि मी खालनं धुवून परत देईपर्यंत ते शेजारनं हलायचे नाहीत. मला वाटलं, साहेब झाल्यापासनं देखरेख वाढली.

मोबाईलवर गाणी आली तेव्हा ते घर विकून मुलीकडं गडहिंग्लजला गेले. तालमीतली नवीन पोरंसुद्धा त्यांना साहेबच म्हणायची, का ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिथंच पुढं ते वारले. मग एक दिवस एसटीनं माझ्या नावाचं पार्सल आलं. लाल नाडीची फाइल. वर वैनींची चिठ्ठी होती, ‘भावजी, ही त्यांनी तुमच्यासाठी बांधून ठेवली होती. शेंगदाणे मी पहिल्यापासून पूर्णच आणत होते, तेवढं त्यात लिहून घ्या.’

मला वाचायला वेळ लागतो. चष्मा लावून, बोट ठेवून वाचत गेलो. सदतीसाव्या पानाला ती चकती शिवलेली होती, हिरवा काठ अजून तसाच. खाली त्याच रविवारची तारीख आणि हिरवी अक्षरं.

‘तबकडी क्र. ३७. चाचणीनंतर घरी आल्यावर पाहिली. चांदी पूर्णपणे गेलेली आहे. आरपार दिसते. सदर तबकडी वाजणे शक्य नाही. सबब पाचही वेळा दुसरीच वाजली असावी. तथापि चौथ्या वेळी आवाज निश्चित सुधारला होता. पॉलिशवाले यांस विचारू नये. प्रकरण दप्तरी दाखल.’

त्याखाली सही. सहीच्या खाली एक ओळ मोकळी सोडलेली, तिच्या डोक्यावर लिहिलेलं, ‘साक्षीदार’.

म्हणजे त्या दिवशी दूध घेऊन आल्यावर त्यांनी बघितलं होतं, आणि एवढी वर्षं पंजा छापावर ठेवून माझ्या शेजारी उभे राहिले होते.

सही करायला पेन शोधलं. नातीच्या रंगाच्या डब्यात हिरवं होतं. हातात घेतलं आणि परत ठेवलं. ते आपलं नव्हे. कोनाड्यातलं निळं काढलं आणि त्या मोकळ्या ओळीवर सही केली.